कार्डावर माझं नाव लिहा

(नाशिक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्त्या मूळच्या नाशिकच्या. गेली अनेक वर्षं त्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात मोटार दुरुस्तीचं काम करतात. भाषणाची बोली तशीच ठेवली आहे. – संपादक)

हे टेबलावर जे लोखंडी चाक ठेवलंय, ते मी काल इथल्याच एका गॅरेजमधून मागून आणलं. जुन्या मारुतीचं फ्लायव्हील आहे. गॅरेजवाले दादा भले होते, पण आधी म्हणाले, "ताई, जड आहे, मिस्टरांना पाठवा." मी म्हटलं, "मिस्टर नाहीत, आणि चाक मलाच पाहिजे." मग त्यांनी ते गोणपाटात गुंडाळून रिक्षात ठेवून दिलं. आता ते तुमच्यातून फिरू द्या. दोन्ही हातांनी धरा. कडेला दाते आहेत, त्यांनी बोट कापतं.

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'परदेशातील स्त्रियांचे हक्क' असा छापलाय. मी काही अभ्यासक नाही, मी मिस्त्री आहे. तेव्हा हक्कांबद्दल मला जे कळलं ते याच चाकापाशी कळलं, आणि तेच सांगते.

फ्लायव्हील मी पहिल्यांदा पाहिलं ते सिन्नर तालुक्यात, मामाच्या पिठाच्या गिरणीत. तुमच्यापैकी ज्यांचं लहानपण खेड्यात गेलं त्यांना ते डिझेल इंजिन आठवत असेल. बाजूला माणसाच्या कमरेएवढं जाड लोखंडी चाक. मामा हँडल मारून ते फिरवायचा, फिरता फिरता वेग आला की इंजिन धक् धक् करत सुरू व्हायचं. आम्हा मुलींना दाराच्या आत यायची बंदी. पदर अडकेल, ओढणी अडकेल. भीती खरी होती, पट्ट्यात पदर अडकून बायका दगावलेल्या आहेत. पण माझ्या मामेभावाला पदर अडकायची भीती नव्हती म्हणून तो आत जायचा, आणि मला फ्रॉक होता तरी मी बाहेर. धोका पदराचा होता, बंदी मात्र मुलगी असण्याला होती. दळणाचा डबा घेऊन रांगेत मी पुष्कळ वर्षं उभी राहिले, पण ते चाक कशासाठी असतं हे मला कुणी सांगितलं नाही.

ते आज मी तुम्हाला सांगते. इंजिन एकसारखा जोर लावत नाही. आत इंधन पेटतं तेव्हा एक धक्का बसतो, मग पुढचा धक्का बसेपर्यंत नुसतं फिरायचं असतं. मामाच्या इंजिनला एकच सिलिंडर. दोन फेऱ्यांत एकदा धक्का. मधल्या वेळात त्याला फिरतं ठेवायचं म्हणून एवढं अजस्र चाक. मोटारीला चार सिलिंडर असले की दर अर्ध्या फेरीला एक धक्का मिळतो, म्हणून चाक लहान चालतं. जात्याची वरची तळी जड का असते, ते ज्यांनी दळलंय त्यांना ठाऊक आहे. आपण जोर लावतो तो अर्ध्या फेरीत, उरलेली अर्धी फेरी दगड आपल्या वजनानं पुरी करतो. फ्लायव्हील म्हणजे तेच.

मी लग्न होऊन १९८८ साली कॉव्हेंट्रीला गेले. ते मोटारींचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथं मोटारी बनत आल्या. संसाराचं सांगत बसत नाही, मारहाण कशी असते हे या खोलीत बसलेल्यांना सांगायची गरज नाही. १९९३ साली सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मी घर सोडलं. आधी बायकांच्या निवाऱ्यात राहिले, मग सरकारी घर मिळालं. त्या काळात तिकडं फक्त बायकांसाठी मोटार दुरुस्तीचे संध्याकाळचे वर्ग चालत. मी गेले ते एवढ्यासाठीच की वर्ग फुकट होता आणि शेजारच्या खोलीत मुलं सांभाळायची सोय होती. दोन वर्षांत परीक्षा दिली आणि एका गॅरेजमध्ये हेल्पर म्हणून लागले. गॅरेजचं नाव घेत नाही. तसली गॅरेजं सगळीकडं असतात.

हेल्पर म्हणजे काय, तर चहा, झाडू, पाने पुसून ठेवणं, आणि मिस्त्री म्हणेल ते. पण मिस्त्री म्हणेल ते हळूहळू वाढत गेलं. वर्षभरात अर्धीअधिक क्लचची कामं मी करत होते. आता त्या गॅरेजची रीत ऐका. प्रत्येक गाडीचं एक जॉब कार्ड असतं. गाडीचा नंबर, काम काय, किती तास लागले आणि कुणी केलं. कार्डावर ज्याचं नाव त्याच्या नावावर तास पडत, आणि तासांवर महिन्याचा बोनस ठरे. क्लचच्या कार्डावर कायम सीनियर मिस्त्रीचं नाव असे. मी हेल्पर ना, हेल्परचं नाव कार्डावर नसतं.

१९९६ च्या हिवाळ्यात एका शाळेतल्या बाईंची लाल रंगाची माझदा एमएक्स-५ आली. जपानी कंपनीची, दोनच माणसं बसायची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ही गाडी १९८९ साली आली. तिच्या जातीची, दोन सीटांची स्पोर्ट्स कार जगात हिच्याइतकी दुसरी कुठलीही खपली नाही. बाईंनी ती जुनी घेतली होती, घटस्फोटानंतर, स्वतःच्या पैशानं. म्हणाल्या, "चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढं जात नाही." म्हणजे क्लच घसरत होता.

क्लच काय ते थोडक्यात सांगते. दोन ताटांच्या मध्ये भाकरी दाबून धरलीय असं समजा. पुढचं ताट म्हणजे हे फ्लायव्हील, ते इंजिनच्या शाफ्टला बोल्टनं आवळलेलं असतं. मागचं ताट म्हणजे प्रेशर प्लेट, तिला जबर स्प्रिंग. मधली भाकरी ती क्लचप्लेट, ती गिअरबॉक्सला जोडलेली. तिन्ही दाबून एकत्र फिरली की इंजिनचा जोर चाकांना मिळतो. पायानं पेडल दाबलं की दाब सुटतो, भाकरी मोकळी होते. भाकरी झिजली, नाहीतर तिला तेल लागलं, की ती घसरते.

या गाडीचं इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना. त्यामुळं क्लचपर्यंत पोचायला गाडीखालचं बरंच काही उतरवावं लागतं. बॅटरीची तार, आतला गिअरचा दांडा, धुराची नळी, मागं जाणारा लांब शाफ्ट, स्टार्टर. या गाडीत आणखी एक भानगड आहे. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शिअलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब तुळई असते, तीही काढावी लागते. मग गिअरबॉक्स. तो तीस-पस्तीस किलोचा. मालक नेहमी म्हणायचा, "हे बायकांचं काम नाही, गिअरबॉक्स उचलणार कोण?" मैत्रिणींनो, गिअरबॉक्स कुणीच उचलत नाही. त्याच्याखाली चाकांचा जॅक लावतात आणि सरळ मागं ओढतात. जो पठ्ठ्या छातीवर घेऊन उतरवतो, त्याची चाळिशीत पाठ जाते. ताकदीची भाषा बहुतेक वेळा तिथंच ऐकू येते जिथं अवजार वापरायचा आळस असतो.

गिअरबॉक्स निघाला. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम काढायचे नसतात. समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करत जायचं, नाहीतर स्प्रिंगच्या जोरानं प्लेट वाकते. आत काळी पूड साठलेली असते. पोरं हवेच्या पाइपनं ती उडवून देत. वर्गातल्या बाईंनी आम्हाला बजावलं होतं, फुंकर मारायची नाही, ओल्या चिंधीनं टिपून घ्यायची. त्या वेळच्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असे, छातीत गेलं की वीस-तीस वर्षांनी कॅन्सर. ब्रिटननं १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. पण जुन्या गाडीत काय असेल ते सांगता येत नाही, म्हणून मी आजही फुंकर मारत नाही आणि मारू देत नाही.

आता समोर फ्लायव्हील दिसू लागलं. त्याचा गुळगुळीत चेहरा पाहायचा. घासून तापल्याचे निळे डाग, बारीक तडे, नखाला लागणारी खाच असेल तर ते लेथवर घासून घ्यायचं नाहीतर बदलायचं. इथं निळे डाग होते, म्हणून ते लेथवर पाठवायचं ठरलं. म्हणजे काढणं आलं.

सहा बोल्ट. पाना लावून जोर दिला की बोल्ट सुटत नाही, सगळं चाकच फिरतं. कारण ते फिरण्यासाठीच तर आहे! म्हणून आधी चाक अडवायचं. दात्यांत बसणारा एक लोखंडी तुकडा मिळतो, तो गिअरबॉक्सच्या बोल्टच्या भोकात आवळायचा. मग कुठल्याही बाईच्या हातानं बोल्ट सुटतात. पान्याला लांब दांडा पाहिजे, एवढंच. चाक पूर्वी जसं होतं तसंच बसावं म्हणून आधी खूण करायची. सहाच्या सहा बोल्ट एकदम काढायचे नाहीत. एक बोल्ट चार आट्यांवर ठेवायचा, कारण चाक आधी चिकटून बसतं आणि मग अचानक सुटतं. आठेक किलो वजन, वर्षाच्या मुलाएवढं, आणि कडेला दाते. मूल कडेवर घेता तसं पोटाशी धरून उतरवायचं.

बोल्ट काढले तेव्हा त्यांच्या आट्यांवर मला वाळलेला, रबरासारखा थर दिसला. मी सीनियर मिस्त्रीला विचारलं, "हे काय लावलंय?" तो दुसऱ्या गाडीखाली होता. म्हणाला, "जुना कचरा आहे. पूस आणि पिळून टाक. त्यात समजण्यासारखं काय आहे?"

मी पुसलं. चाक लेथवरून आलं. शाफ्टची बैठक स्वच्छ केली, कारण तिथं वाळूचा कण राहिला तरी चाक डगमगतं. मधलं लहान बेअरिंग बोटानं फिरवून पाहिलं, खरखरत होतं, ते बदललं. चाक बसवलं, बोल्ट कोरडेच लावले आणि पिळले. टॉर्क पाना मालकाच्या केबिनमध्ये असे, तो सीनियरला मिळे, मला नाही. हातानं पिळले. मग प्लास्टिकचा खोटा शाफ्ट घालून क्लचप्लेट मधोमध धरली, प्रेशर प्लेट आवळली, गिअरबॉक्स चढवला. बाई गाडी घेऊन खूश होऊन गेल्या. कार्डावर सीनियरचं नाव, सात तास.

तीन आठवड्यांनी गाडी परत आली. क्लच घसरतोय, आणि जळक्या तेलाचा वास.

मालकानं तक्रारीचं नवं कार्ड काढलं. आणि मैत्रिणींनो, त्या कार्डावर 'काम कुणी केलं' या रकान्यात त्यानं माझं नाव लिहिलं. वर्षभरात पहिल्यांदा! काम नीट झालं तेव्हा ते त्याचं, बिघडलं तेव्हा माझं. मी तिथं उभी राहून ते कार्ड वाचलं, आणि मला एकदम आमचं घर आठवलं. भाजी चांगली झाली तर 'आमच्या आईच्या हाताची चव', खारट झाली तर 'ही काय करून ठेवलंयस'.

पण आधी चूक शोधायची होती. रात्री गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. क्लचप्लेट तेलानं माखलेली. सगळे म्हणाले, शाफ्टचं ऑइल सील गेलं. मी नीट पाहिलं. सील गेलं असतं तर तेल चाकाच्या मागच्या बाजूनं खाली ओघळलं असतं. तिथं कोरडं होतं. तेलाच्या रेषा निघत होत्या त्या सहा बोल्टच्या डोक्यांपासून, सूर्याच्या किरणांसारख्या बाहेर फेकल्या गेलेल्या. फिरताना तेल बाहेरच्या बाजूला उडतं, ते थेट भाकरीवर.

दुसऱ्या दिवशी मी मालकाकडं कंपनीचं मॅन्युअल मागितलं. तो म्हणाला, "तुला काय कळणार त्यातलं?" ऑफिसमध्ये हिशेब लिहायला एक बाई होत्या. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला चार पानांची झेरॉक्स काढून दिली. घरी मी आणि माझी मुलगी बसलो. ती नऊ वर्षांची, ती मोठ्यानं वाचायची, मी शब्दकोश उघडायची. तिथं छापलेलं होतं. या इंजिनात फ्लायव्हीलच्या बोल्टची भोकं आरपार आहेत, पलीकडं इंजिनचं तेल आहे. म्हणून आट्यांवरचा जुना थर पूर्ण काढून नवीन सीलंट लावायचं. जुना थर निघत नसेल तर बोल्टच नवा घालायचा. आणि बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्यानं, ७१ ते ७६ फूट-पौंडांवर आवळायचे, म्हणजे सुमारे १०० न्यूटन-मीटर.

हा आकडा ऐकून घाबरू नका. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगलं, की एवढा जोर होतो. दांडा अर्ध्या मीटरचा असेल तर वीस किलो. तुम्ही पाण्याचा भरला हंडा डोक्यावर घेता त्याचं वजन किती होतं? ज्या कामाला मला 'अंगात जोर नाही' म्हणून नाकारलं, त्याचा जोर एका हंड्याएवढा. लागतो तो नेमकेपणा. तो टॉर्क पान्यात असतो आणि पुस्तकाच्या पानावर असतो, आणि दोन्ही गोष्टी केबिनमध्ये कुलपात होत्या.

माझी चूक होती हे मी कबूल करते. शंका आली होती, एकदा विचारलं, आणि 'त्यात समजण्यासारखं काय आहे' म्हटल्यावर गप्प बसले. आपल्याला गप्प बसायची सवय असते. त्या सवयीनं त्या बाईंची गाडी चढावर बंद पडली असती, पाठीमागून ट्रक आला असता. बाईला शिकवलं जात नाही हा अन्याय आहे, पण म्हणून बाईच्या हातून झालेली चूक ही चूक राहत नाही असं नाही. हे आपण आपल्यात बोललं पाहिजे.

मी मालकासमोर झेरॉक्सची पानं ठेवली आणि सांगितलं, "सीलंट लावलं नाही ही चूक माझी. गाडी मी परत बांधते. या कार्डावर माझं नाव राहू दे. पण मग पहिल्या कार्डावरही माझंच नाव लिहा. दोन्ही वेळा काम मीच केलंय."

तो म्हणाला, "पहिलं कार्ड बंद झालंय." मग म्हणाला, "त्याला कुटुंब पोसायचंय." मी म्हटलं, "माझ्या घरी जी मुलगी आहे ती कुटुंब नाही का?"

शनिवार-रविवार मी गाडी पुन्हा बांधली, बिनपगारी. आज मी तसं करणार नाही आणि कुणाला करायला सांगणार नाही. बोल्टचे आटे वायर ब्रशनं लख्ख केले. भोकांतले आटे पुसले. वर एक लांब बोल्ट वाट दाखवायला आधी घातला, त्यावर चाक सरकवलं, मग सहा बोल्ट सीलंट लावून हातानं बसतील तेवढे बसवले. टॉर्क पाना या वेळी मागून घेतला. समोरासमोर, तीन टप्प्यांत. शेवटी पाना 'कट्' म्हणतो. सहा वेळा कट्. चाकाचा चेहरा स्पिरिटनं पुसला आणि पुन्हा बोट लावलं नाही. नवी प्लेट घातली. आतल्या खाचांना ग्रीस लावायचं ते नखावर मावेल एवढंच, जास्त झालं तर तेच उडून प्लेटवर जातं. प्रेशर प्लेटचे बोल्ट मात्र हलक्या हातानं. त्यांना १८ ते २६ न्यूटन-मीटरच लागतात, जास्त जोर केला तर आटे जातात. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन प्लेटवर लोंबकळू दिलं नाही. सोमवारी गाडी सुरू केली. पेडल सोडलं तेव्हा ती साय सुटावी तशी निघाली.

पुढं काय झालं? वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला मोफत कायदेशीर सल्ला मिळतो तिथं नेलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "पुरावा काय?" कार्डं मालकाकडं होती. माझ्याकडं एक वही होती. मी पहिल्या दिवसापासून लिहीत होते, तारीख, गाडीचा नंबर, काम, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं. शिकण्यासाठी लिहीत होते, हक्कासाठी नाही. ती मराठीत होती. बाई म्हणाल्या, चालेल, आकडे आकडेच असतात.

त्यांनीच मला डॅगनमची गोष्ट सांगितली. लंडनजवळ डॅगनमला फोर्डचा कारखाना. तिथं मोटारींच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायका होत्या. कंपनीनं त्यांचं काम अकुशल ठरवलं होतं, आणि त्यांना त्याच दर्जाच्या पुरुषांच्या ८५ टक्के पगार. १९६८ च्या जूनमध्ये १८७ बायका संपावर गेल्या. सीटशिवाय मोटार विकता येत नाही, कारखाना थंडावला. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कॅसल यांनी मध्यस्थी केली, पगार ९२ टक्क्यांवर आला. त्यातूनच १९७० चा समान वेतनाचा कायदा झाला. पण ऐका, त्यांची मूळ मागणी पैशांची नव्हती. आमचं काम कुशल आहे असं कागदावर लिहा, ही होती. ते लिहून घ्यायला त्यांना १९८४ साली पुन्हा संप करावा लागला. सोळा वर्षं! आपल्याकडं समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पुढं तो २०१९ च्या वेतन संहितेत घेतला गेला. पण बाईच्या कामाला 'मदत' म्हटलं की कुठलाही कायदा लागू होत नाही. 'कुशल' की 'मदतनीस', हे ठरवणारा कागद कुणाच्या हातात आहे, हा खरा प्रश्न.

सल्ला केंद्राचं पत्र गेलं. मालकानं मला तीन महिन्यांचा फरक दिला, त्याआधीचा नाही. पूर्ण न्याय झाला असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर जे काम मी केलं त्या कार्डावर माझं नाव पडू लागलं, आणि मॅन्युअलं केबिनमधून बाहेर फळीवर आली. सीनियर मिस्त्री महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस चहा घेऊन आला. म्हणाला, "मलाही ते पुस्तक कधी दाखवलं नव्हतं. मी बघून बघून शिकलो." तो वीस वर्षं त्या बोल्टवरचा थर कचरा समजत होता. ज्ञान कुलपात ठेवलं की फक्त बाईचंच नुकसान होतं असं नाही. पण त्याच्या अज्ञानाला अनुभव म्हणत आणि माझ्या अज्ञानाला बाईपण.

वर्षभरानं मी ते गॅरेज सोडलं. २००४ साली वर्गातल्या एका मैत्रिणीबरोबर स्वतःचं लहानसं गॅरेज काढलं. तिथं एकच नियम आहे. ज्या हातानं काम केलं त्याच हातानं कार्ड लिहायचं, आणि दुसरीनं टॉर्क तपासून खाली सही करायची. नवी मुलगी शिकायला आली की पहिल्या दिवशी तिच्या हातात झाडू देत नाही, मॅन्युअल देते.

तुम्हाला मोटारी दुरुस्त करायला सांगायला मी आले नाही. पण तुमच्या गावात हातपंप आहे, गटाची पिठाची चक्की आहे, मोटार-पंप आहे. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात महिला समाख्याच्या कामातून खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना धड लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा परत गेल्यावर तीन गोष्टी बघा. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक कुणाच्या घरी आहे? पाने कुणाच्या कुलपात आहेत? आणि दुरुस्तीच्या रजिस्टरवर नाव कुणाचं लिहिलं जातं? बचत गटाच्या चक्कीच्या पुस्तकात 'ऑपरेटर' म्हणून अध्यक्षबाईंच्या मुलाचं नाव असेल आणि चक्की चालवणारी दुसरीच असेल, तर ते नाव खोडून तिचं लिहा. भांडण होईल. होऊ द्या. आणि आजपासून प्रत्येकीनं एक वही ठेवा. काय काम केलं, किती वेळ केलं. मराठीत चालेल.

हे चाक मला पाचच्या आत परत द्यायचंय, त्या दादांना शब्द दिलाय. अजून पाऊण तास आहे. मी सहा बोल्ट आणि टॉर्क पाना आणलाय, पलीकडच्या टेबलावर जुना शाफ्ट शिकंज्यात धरून ठेवलाय. चहा झाला की ज्यांना यायचंय त्यांनी या. दोघी दोघींनी या, एकीनं चाक अडवून धरायचं, दुसरीनं आवळायचं. पाना 'कट्' म्हणाला की थांबायचं.

आणि मग वहीत नाव लिहायला विसरू नका.